घडणावळीचे मोल

(हीरक महोत्सवानिमित्त कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा असा संकेत आहे. तो इतिहास माझ्याहून अधिक अधिकारी लेखण्यांनी स्मरणिकेसाठी लिहिला आहेच. त्यामुळे मी आज एका हिशेबाच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. हा प्रश्न गेले तीन महिने माझ्या टेबलावर पडून आहे आणि येत्या आठवड्यात व्यवस्थापन समितीपुढे जाणार आहे. तिथे जाण्यापूर्वी तो आपणा सर्वांपुढे ठेवावा, असे मला वाटते.

आपला एक माजी विद्यार्थी आज परदेशात स्थिरावला आहे. त्याचे नाव जाहीर करण्याची त्याचीच परवानगी नाही. हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या संगीतवर्गाला एक इलेक्ट्रिक गिटार भेट द्यावी, अशी इच्छा त्याने पत्राने कळवली. ही गिटार साधी नव्हे. एकाच कारागिराने पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने घडवलेली आणि किंमत चार लाख रुपयांच्या वर. पत्राची वार्ता पालकसभेत पोहोचली आणि मला दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत लिहिले होते, ‘ताबडतोब स्वीकारा, मुले हरखून जातील.’ दुसरीत लिहिले होते, ‘बाई, चार लाखांत किती बाके येतील, याचा हिशेब केला आहे का?’ त्याच आठवड्यात आमच्या संगीतशिक्षिकेने आपली जुनी मागणी पुन्हा माझ्यापुढे ठेवली: मिरजेच्या तंबोऱ्यांची एक जोडी हवी. सध्या आमची प्रार्थना मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर होते.

दात्याने उदारपणे लिहिले आहे की, ‘शाळेला उचित वाटेल ते घ्या; पण माझ्या गिटारीला महाग म्हणून टाकण्याआधी तिची बाजू ऐकून घ्या.’ ही विनंती मला रास्त वाटली. म्हणून मी ती बाजू ऐकली. माझा विषय मराठी, पदार्थविज्ञान नव्हे. तेव्हा यातला शास्त्राचा भाग आमच्या विज्ञानशिक्षिकेकडून समजून घेतला आहे, तो मी आपल्या भाषेत सांगते.

इलेक्ट्रिक गिटारीची तार पोलादी असते. तिच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह आवाजवर्धकात जातो आणि तेथून ध्वनिक्षेपकात. आपल्या कानी पडतो तो ध्वनिक्षेपकाचा आवाज. लाकडाचा वाटा त्यात अगदीच नाही असे नव्हे. तार किती काळ निनादत राहील, वादकाच्या हाताला वाद्य कसे लागेल, हे लाकूड व जोडणी ठरवतातच. परंतु सतारीचा भोपळा किंवा व्हायोलिनचे पोट ज्या अर्थाने बोलते, त्या अर्थाने भरीव गिटारीचे लाकूड बोलत नाही.

आणि या वाद्याचा जन्मच मुळी कारखान्यातला. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ज्या गिटारी बाजारात आणल्या, त्यांची मान धडाला चक्क स्क्रूंनी जोडलेली होती. बिघडली की बदलावी, इतकी सोय. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या कारखान्यात १९५६ साली रुजू झालेल्या ॲबिगेल इबारा यांनी चुंबकांभोवती तार गुंडाळण्याचे काम अनेक दशके केले. आज त्यांनी गुंडाळलेली वेटोळी संग्राहक शोधत फिरतात. मला हे फार बोलके वाटते. ज्याला आपण यंत्रयुगाचे वाद्य म्हणतो, त्यातही अखेरीस शोध घेतला जातो तो एका बाईच्या हाताचा.

मग चार लाख, दहा लाख कशाचे? त्यातले काही खरोखर कामाचे. पडद्यांच्या कडा अशा घासलेल्या की बोट कुठे अडत नाही. मान हातात बसेल अशी कोरलेली. लाकूड नीट मुरलेले. जो दिवसाचे सहा-आठ तास वाजवून पोट भरतो, त्याला या गोष्टींचे पैसे देणे परवडते, नव्हे न देणे परवडत नाही. पण ही सुखे एका मर्यादेपर्यंतच वाढतात. त्यापुढची रक्कम लाकडावरच्या ज्वालांसारख्या रेषांची, शिंपल्याच्या जडावाची, नावाची आणि दुर्मीळतेची असते. डेव्हिड गिल्मर यांची काळी गिटार २०१९ साली लिलावात सुमारे ४० लाख डॉलरना गेली. ती काही कुणा सिद्धहस्त कारागिराने घडवलेली नव्हती. त्यांनी ती १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतली होती. घेणाऱ्याने पैसे मोजले ते तिच्यावर वाजलेल्या गाण्यांचे. उलट ब्रायन मे यांनी १९६३ पासून दोनेक वर्षे खपून वडिलांच्या मदतीने घरीच एक गिटार बनवली. मानेला जुन्या शेकोटीवरच्या फळीचे लाकूड, एका दांडीच्या टोकाला विणकामाची सुई. त्याच गिटारीवर त्यांनी पुढे जगभरची मैदाने गाजवली. हाताने घडवलेली आणि अत्यंत स्वस्त, अशी ही गिटार आहे. तेव्हा ‘हस्तनिर्मित’ आणि ‘महाग’ ही दोन विशेषणे एकमेकांची सख्खी भावंडे नव्हेत, हे आपण ध्यानात ठेवू.

याविषयी एक परीक्षाही झालेली आहे, मात्र व्हायोलिनची. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ निष्णात वादकांना वेल्डिंगचे काळे चष्मे घालून, अंधाऱ्या खोलीत, सहा व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांतली तीन नवी, दोन स्त्रादिवारीची आणि एक ग्वार्नेरीचे. वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या पट्टीवर अत्तराचा थेंबही लावलेला. बहुतेकांनी घरी न्यायला नवे वाद्य पसंत केले आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला. आमच्या दहावीच्या मुलांना मी हा प्रयोग सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, ‘म्हणजे नव्या वाद्याचे कारागीरही तितकेच थोर म्हणायचे ना?’ वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना जे सुचले नाही ते तिला सुचले. त्या प्रयोगात हरले ते जुनेपण आणि नाव. कारागिरी हरली नाही. नवी व्हायोलिनेही कुणा हातांनीच घडवलेली होती.

आता तंबोऱ्याकडे येते. इथे मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या सभागृहातल्या निम्म्या घरांचा त्या मातीशी संबंध आहे. आपल्या शाळेत गलाई व्यवसायातील कुटुंबांची मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली. विटा, खानापूर, आटपाडी या भागातून निघून करोलबागेत, चांदणी चौकात सोन्याचांदीची शुद्धता पारखणारी ही मंडळी. मिरज त्यांच्याच सांगली जिल्ह्यातली. एरवी मिरज म्हणजे इस्पितळे आणि गाडी बदलण्याचे जंक्शन, एवढीच ओळख असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू यांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा आहे. घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचे. संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली, शिकलगारांच्या हाताला काम उरले नाही, आणि ते हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे व मग निर्मितीकडे वळले. आडनाव झाले सतारमेकर. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते निवर्तले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. तंबोरा लावण्याविषयी त्या गायकाचा आग्रह सर्वश्रुत होता. कारागिरांच्या गल्लीशेजारी असा कान राहत असेल, तर कारागिरीला सूट मिळत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा शासनाच्या कागदावर आले एवढेच; गवयांना ते शंभर वर्षे ठाऊक होते.

तंबोरा घडतो कसा? भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. खायचा भोपळा वेगळा आणि हा कडू, जाड सालीचा, वेलावरच वाळू दिलेला भोपळा वेगळा. आकार शेतकरी ठरवीत नाही, वेल ठरवते. म्हणून कारागिराला ढिगातून निवडत बसावे लागते. पुरुषी आवाजासाठी मोठा घेर, बायकांच्या व मुलांच्या आवाजासाठी लहान. मग लाकडाचा गळा, पोकळ दांडी, पातळ तबली, खुंट्या, चार तारा, त्यांखाली सरकते मणी. इथवरचे काम कष्टाचे असले तरी डोळ्यांना दिसते, मापता येते.

न मापता येणारे काम पुढे आहे. तार ज्यावर टेकते त्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. कारागीर तो कानशीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार त्या माथ्यावर टेकते-न-टेकतेशी झाली, आणि तिच्याखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की आवाज उमलतो. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. यालाच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्याविषयी लिहिताना दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडल्यास अमुक उपस्वर उमटू नये असे युरोपातील शास्त्रज्ञांचा नियम सांगतो, तो उपस्वर या वाद्यांत खणखणीत उमटतो. आणि त्याचे कारण म्हणजे ही घोडी. नियम पुस्तकात लिहिला जाण्यापूर्वीच त्याला अपवाद करून ठेवणारी ही मंडळी कोणत्याही विद्यापीठात गेली नव्हती. जवारी किती घासावी याचे माप आजही कुठे लिहिलेले नाही. ते बापाच्या कानातून मुलाच्या कानात जाते, आणि मुलगा पुण्याला नोकरीस गेला की तिथेच थांबते.

सोने पारखणाऱ्यांपुढे बोलते आहे, म्हणून त्यांच्याच शब्दात विचारते. दागिना मोडीत घातला तर काय परत मिळते? सोने मिळते, घडणावळ मिळत नाही. शहाणा गिऱ्हाईक म्हणून घडणावळ कमी असलेला दागिना घेतो. आता तंबोरा मोडीत घाला. भोपळा, थोडे लाकूड, चार तारा, कवडीमोल. तंबोऱ्याची सगळी किंमतच घडणावळ आहे. त्यात वितळवून काढण्याजोगे काही नाही. महागड्या गिटारीत निदान दुर्मीळ लाकूड आहे, नाव आहे, पुन्हा विकताना येणारा भाव आहे. एकंदरीत तीच अधिक ‘सोन्याची’ वस्तू. शाळेने मात्र सोने साठवू नये, असे माझे मत आहे. मराठीची शिक्षिका म्हणून सांगते, ‘घडणावळ’ ज्या साच्यात तयार झाला त्याच साच्यातला एक जुना शब्द आहे, ‘शिकणावळ’. म्हणजे शिकवण्याबद्दल द्यायचे पैसे. तीही मोडीत घालून परत मिळत नाही, आणि आपण पालक ती दरमहा भरता.

आता विरुद्ध बाजू. ती मी हलकी मानत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरकडे तयार झाला आणि त्याने हजारो घरांत रियाज शक्य केला. दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये चार फुटी तंबोरा ठेवायचा कुठे? मोबाइलमधला तर जवळजवळ फुकट. तो उतरत नाही, फुटत नाही, उंदीर त्याला कुरतडत नाहीत. आणि आपली दिल्ली! मे महिन्यात लाकूड सुकून खुंट्या सैल पडतात, जुलैत फुगून घट्ट बसतात. मिरजेच्या हवेत घडलेल्या वाद्याला इथे दर ऋतूत रुसवा. जोडीची किंमत पेट्या आणि प्रवास धरून लाखाच्या आसपास जाते. बाकांचा हिशेब मांडणाऱ्या पालकांचे म्हणणे खोटे नाही. सातवीच्या वर्गातली बाके मीही रोज पाहते.

आज आपण ज्या रस्त्यावर बसलो आहोत त्याला कोपर्निकसचे नाव आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु त्याने नाण्यांविषयीही एक छोटा प्रबंध लिहिला, १५२६ च्या सुमारास. चांदी कमी करून पाडलेले हलके नाणे चलनात आले की लोक चांगले नाणे घरात दडवतात किंवा वितळवतात, आणि बाजारात हलकेच तेवढे उरते, असे त्याचे निरीक्षण. मोबाइलमधल्या तंबोऱ्याला मी हलके नाणे म्हणणार नाही. तो आपण काय आहोत ते प्रामाणिकपणे सांगतो. तो खुर्दा आहे, आणि खुर्द्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही. पण केवळ खुर्दाच पाहिलेल्या मुलाला रुपया ओळखता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

कारण मोबाइल स्वर तयार करून देतो. तंबोरा तो शोधायला लावतो. पंचमाची तार, दोन जोडाच्या, एक खर्जाची. खुंटी पिळा, मणी सरकवा, ऐका. अजून नाही, अजून नाही, आता. संगीतशिक्षिका म्हणतात, ‘मला गाणारी मुले दोन तासांत तयार करता येतील, ऐकणारी करायला हे वाद्य लागते.’ वर्गातली चाळीस मुले गवई होणार नाहीत. पण दोन स्वर जुळले आहेत की जुळल्यासारखे वाटत आहेत, एवढा फरक ज्याच्या कानाला कळला, तो पुढे दुसऱ्या कामातही ‘चालून जाईल’ म्हणताना थोडा थांबेल, अशी माझी आशा आहे. ती मला सिद्ध करून दाखवता येणार नाही.

कुणी म्हणेल, मग कारागिरांना मदत म्हणून घ्या. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. दयेपोटी घेतलेले वाद्य कपाटात जाते. येथून हाकेच्या अंतरावर, रवींद्र भवनात, संगीत नाटक अकादमीने देशभरची वाद्ये जतन केली आहेत. ते काम अकादमीचे. काचेआडची वाद्ये आम्हाला नकोत. शेजारच्या कमानी सभागृहात १९७१ पासून केवढे गायक बसले असतील, आणि प्रत्येकाच्या मागे दोन तंबोरे. ते तिथे शोभेला नसतात. आपण घ्यायचे तर वाजवण्यासाठी घ्यायचे, आणि वाजणार नसतील तर पालकांची बाके आधी.

म्हणून समितीपुढे मी पुढीलप्रमाणे मांडणार आहे. दात्याची चार लाखांची गिटार नम्रपणे नाकारावी. तिच्याऐवजी कारखान्यात बनलेली, पंधरा-वीस हजारांची एक बरी गिटार आणि छोटा आवाजवर्धक घ्यावा. मुलांना ती हवीच आहे, आणि नवशिक्याच्या बोटांना त्याहून अधिक काही लागत नाही. मिरजेहून तंबोऱ्यांची एक जोडी मागवावी, दोन्ही लहान घेराचे, काळी चार-पाचच्या पट्टीला बोलणारे. एक लाख रुपये मुदत ठेवीत टाकावेत. त्याच्या व्याजातून दरवर्षी तारा, खुंट्या आणि जवारी. उरलेल्यातून सातवीची बाके. आठवी-नववीच्या मुलांकडे आळीपाळीने रोज सकाळी प्रार्थनेआधी पंधरा मिनिटे तंबोरे लावण्याचे काम द्यावे. वर्षअखेर ती मुले बिनआधाराने तंबोरा लावू शकली नाहीत, तर जोडी एखाद्या संगीतविद्यालयास देऊन टाकावी, अशी अटही मी ठरावात घातली आहे. हे दात्याला कळवले. उत्तर आले ते दोन ओळींचे: ‘बाई, मान्य. पण गिटारीची तारही मुलांनी कानानेच लावावी, यंत्राने नव्हे.’ ही दुरुस्ती ठरावात घेतली आहे.

आता एक विनंती. समितीने होकार दिला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या पालकांपैकी दोघांनी वाट वाकडी करून मिरजेला जावे. संगीतशिक्षिका सोबत येतील. भोपळा पसंत करणे आणि जवारी ऐकणे हे त्यांचे काम, भावाची बोलणी आपण करावीत, कारण घडणावळीवर घासाघीस कुठवर करावी हे आपल्याइतके कुणाला कळत नाही. परतताना गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट निजामुद्दीनला येते. तंबोऱ्यांच्या पेट्या सामानाच्या डब्यात टाकायच्या नाहीत, जवळच ठेवायच्या आहेत; तेव्हा आरक्षण वेळेत करावे लागेल. इच्छुकांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत.